पानमळ्यात चपला चालत नाहीत

शेवंताबाई मदने, वय एक्केचाळीस, मुक्काम आरग.
नऊ वर्षांत रात्री नऊची गोळी
एकदाही चुकली नाही,
नवऱ्याच्या दहाव्यालासुद्धा नाही.
तरी हिमोग्लोबिन सहा पूर्णांक दोन,
आणि पेशी दोनशेच्या उंबऱ्यावर बसलेल्या,
उठायचं नाव नाही.

मॅडमनी फाईलवर लिहिलं : गोळ्या बदलायच्या?
मग पेन थांबवून म्हणाल्या,
"मुजावर, हिची शौचाची तपासणी झालीय कधी?"
कधीच नाही.
मिरजेच्या या खोलीत सगळे रक्ताचंच विचारतात.

डबी तिनं पदराखालून दिली.
इतक्या वेळा दंड पुढं करताना लाजली नव्हती,
आज लाजली.

थेंबभर मीठपाणी, काच, वर काच.
दहाचं भिंग, मग चाळीसचं,
आणि तिथं ती होती :
लंबगोल, पातळ कवचाची, आत चार-चार दाणे,
श्वास लागला तर फुटतील इतकी नितळ.
सुंदर म्हणायला जीभ धजत नाही,
पण होती.
एका नजरेत सात मोजली.

"अनवाणी कुठं चालता, बाई?"
"मळ्यात. पानमळ्यात चपला चालत न्हाईत, दादा.
बांधावर काढायच्या. नागवेल म्हंजे देव.
चपलेचं पाऊल पडलं की वेल रुसतंय."

शेवरीची सावली, सरीत सदा ओल,
माती कधी तापत नाही,
आणि बायकांची आडोशाची जागा
ताटीच्या पलीकडं, चार पावलांवर.
मातीतून तळव्यात, तळव्यातून रक्तात,
फुफ्फुसातून घशाशी, गिळलं की पोटात.
अंगठ्याला लोखंडी नखी लावून
ती दिवसभर पानं खुडते.
आत आतड्याच्या भिंतीला चिकटून
कुणी तिलाच खुडत होतं.

मॅडमनी तिच्या भाषेत सांगून बघितलं :
जंत रात्रंदिवस मागची ताटी हलवतो,
राखणदार झोपेतून उठून तिकडं धावतात.
आणि हा दुसरा, पुढून आलेला,
त्याला जागा झालेला राखणदारच लागतो,
त्याच्याच अंगात शिरून वाढायला.
एकानं उठवायचं, एकानं गिळायचं.
ठरवून नव्हे. त्यांची ओळखसुद्धा नाही.

"मंजी गोळीचा दोष न्हाई?"
"नसावा."
"माजा?"
मॅडमनी मान हलवली. ती मान
मी अजून विसरलेलो नाही.

जंताची गोळी एकच. तिनं चावून खाल्ली,
"एवढीच?" म्हणाली,
नऊ वर्षांच्या गोळ्यांशी तिची तुलना करत.
लोहाच्या गोळ्या पिशवीत टाकल्या.
मग चपलेचं निघालं, आणि ती गप्प झाली.

"मालकाला काय सांगू?
चप्पल का? जंत झालं.
जंत कुणी बघितलं? दवाखान्यात.
दवाखाना कुठला, नि दर महिन्याला का?
एक चप्पल घातली, दादा,
तर नऊ वर्षांचं समदं उघडं पडतंय."

वेलाला विटाळ होऊ नये म्हणून पाय उघडे,
आणि तिचा विटाळ कुणी धरू नये म्हणूनही
पाय उघडेच.
मी स्लाईड फिनाईलच्या पाण्यात सोडली.
मला काही सुचलं नाही.

तीन महिन्यांनी : नऊ पूर्णांक एक. पेशी दोनशे अडुसष्ट.
मॅडम हसल्या, पण जपून.
जंत गेल्यानं, की लोहानं, की नुसता मोजणीतला फरक,
एका बाईवरून सांगता येत नाही, म्हणाल्या.
कुठं गुण येतो, कुठं येत नाही.
वहीत मी आकडे लिहिले, कारणाचा रकाना कोरा ठेवला.

जाताना तिनं पाऊल पुढं करून दाखवलं :
खताच्या गोणीचा तुकडा, घोट्याशी लव्हाळ्यानं आवळलेला,
वेल शेवरीला बांधतात त्याच लव्हाळ्यानं.
"मालकानं इचारलं, हे काय? म्हटलं, भेगा पडल्यात.
चप्पल न्हवं ही."

"आणि वेलाला कळलं नाही?"

"वेलाला समदं ठावं हाय, दादा.
त्यानं मालकाला सांगितलं न्हाई."